पोलिसांच्या जीपमधली डॉक्टरीण

नवी बॅच आली की मी पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न विचारते. "घरी काय सांगितलंत? काय शिकायला जाता म्हणून?"

मी समाजकार्याच्या कॉलेजात फील्डवर्क बघते. वर्गात शिकलेलं मुलं बाहेर जाऊन करून बघतात, तेव्हा त्यांच्या मागे दोन पावलं अंतर ठेवून उभी राहणारी बाई म्हणजे मी. आमची मुलं बालगृहात जातात, वस्त्यांत जातात, बाल कल्याण समितीपुढे उभी राहतात. घर सुटलेल्या, हरवलेल्या, घरात मार खाणाऱ्या लेकरांचं काम कसं करायचं ते शिकतात. आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरात त्यांच्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नसतं.

माझं उलटं होतं. माझ्या माहेरी आजोबा मास्तर, वडील मास्तर, काका मास्तर. तिथं कॉलेज म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागलं नाही, उलट जरा कमी सांगा असं म्हणायची पाळी यायची. म्हणून या प्रश्नाची उत्तरं ऐकायला मला मनापासून आवडतं.

त्या वर्षी एकीनं घरी सांगितलं होतं, बालवाडीची बाई होणार. एकाचे वडील वाशीच्या भाजी मार्केटमध्ये माथाडी. मूळ सातारकडचे, पोतं पाठीवर घेऊनसुद्धा जोरजोरात बोलणारे. त्यांनी सगळ्या टोळीला अभिमानानं सांगितलं की पोरगा एमएसडब्ल्यू करतोय. टोळीनं ऐकलं एमएसईबी. तेव्हापासून हा मुलगा वडिलांचा डबा घेऊन मार्केटात गेला की चारजण लाइटचं बिल घेऊन उभे. "बघ की रे, एवढं कसं आलं?" सुरुवातीला तो समजावून सांगायचा. मग कंटाळून मीटर रीडिंग बघायला शिकला. "मॅडम, समाजकार्यच आहे ना ते पण," असं त्यानं मला तोंड वर करून सांगितलं.

पण सगळ्यांवर कडी केली ती द्रोणागिरीकडच्या मुलीनं. तिचं गाव खाडीकाठचं. एका बाजूला कंटेनरचे डोंगर, दुसऱ्या बाजूला गोदामं, आणि मधे तिच्या वडिलांनी शेतीच्या जागेवर बांधलेली तीन मजली इमारत. वरच्या खोल्या गोदामातल्या कामगारांना भाड्यानं दिलेल्या, खाली हे सगळे. तिनं घरी एवढंच सांगितलं होतं की लहान मुलांचं शिकते. वडिलांनी त्याचं परस्पर करून टाकलं, मुलांची डॉक्टर.

"मग तू दुरुस्त का नाही केलंस?" मी विचारलं.

"मॅडम, त्यांनी हळदीला माईकवर सांगितलं. माईकवर सांगितलेलं दुरुस्त होतं का?"

आता गावातल्या बायका खोकणारी, रडणारी, अंगावर पुरळ आलेली पोरं तिच्या ओटीवर आणून ठेवायला लागल्या. ती पोराला हातात घेई, गालाला हात लावी आणि गंभीरपणे सांगे, "डॉक्टरला दाखवा." त्यामुळे गावात तिचं नाव झालं. डॉक्टरकडे पाठवणारी डॉक्टर. औषधाचं एक अक्षर नाही, पण सल्ला अचूक.

वर्गात मात्र ती वेगळीच मुलगी होती. गप्प. ओठ घट्ट मिटलेले. बोलायची वेळ आलीच तर एकेक शब्द धुऊन, पुसून, उन्हात वाळवून मग बाहेर काढल्यासारखा. कारण मला नंतर कळलं. बारावीपर्यंत तिला प्रत्येक शिक्षकानं 'पानी' नाही, 'पाणी' म्हण, असं सांगितलं होतं. त्यामुळे ती 'ण' समोर आला की थबकायची आणि 'न' समोर आला तरी थबकायची, न जाणो, हाही 'ण'च निघायचा. एकदा प्रात्यक्षिकाच्या वेळी ती एका लहान मुलाला म्हणाली, "तू माझ्याकडे मणमोकळं बोल." तो मुलगा म्हणाला, "काय?"

मी तिला म्हटलं, तुझ्या घरी बोलतेस तसं बोल. ती म्हणाली, "तसं बोलले तर तुम्हालाच कळणार नाही, मॅडम." आणि हसली नाही.

पुढे फील्डवर्क सुरू झालं. तिची नेमणूक खांदेश्वर, पनवेल भागात काम करणाऱ्या एका बालसंस्थेत झाली. आणि एका दुपारी खांदेश्वर स्टेशनवर दोन भावंडं सापडली. मुलगी साधारण आठ वर्षांची, भाऊ तिच्याहून बराच लहान. बाकावर बसून होती. "इथंच बसा, आलोच," असं बाप म्हणून गेला होता आणि परत आला नव्हता. आई आधीच वारलेली. स्टेशनवरच्या एका स्टॉलवालीनं त्यांना खाऊ घातलं आणि फोन केला.

संस्थेच्या ताईबरोबर माझी विद्यार्थिनीही गेली. मुलांना समितीपुढे न्यायचं तर पोलिसांची सोबत लागते. मुलं घाबरू नयेत म्हणून पोलिसांनी साध्या कपड्यांत यावं असा नियम आहे, आणि ती महिला पोलीस खरंच साध्या पंजाबी ड्रेसमध्ये आली होती. पण जीपला साधे कपडे घालता येत नाहीत. जीपवर हे एवढं मोठं 'पोलीस' लिहिलेलं. आणि धाकटा काही केल्या माझ्या विद्यार्थिनीची ओढणी सोडेना. त्यानं ती मुठीत गुंडाळून घेतली होती. तेव्हा ती मागच्या सीटवर, एका बाजूला बहीण, मांडीवर भाऊ, अशी बसली.

नेमका त्याच वेळी तिच्या गावचा एक ट्रेलरवाला सिग्नलला उभा होता. त्यानं खिडकीतून फोटो काढला. फोटोत पोलिसांची जीप, आत आमची डॉक्टरीण, मांडीवर अनोळखी पोर. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो पोचेपर्यंत तिची ओढणीही तिच्या हातात परत आली नव्हती.

संध्याकाळपर्यंत गावात तीन कथा तयार होत्या. एक, तिनं चुकीचं औषध दिलं. दोन, मुलं पळवणाऱ्या टोळीत सापडली. तिसरी मी इथं लिहीत नाही, ती तिच्या चुलत्यानं तयार केली होती आणि त्याचं डोकं त्याच बाजूला चालतं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, "मॅडम, घरी फुल टेन्शन आहे. पप्पा बोलले कॉलेज बंद." पुढे दोन्ही हात जोडलेलं चित्र.

मी वर्षानुवर्षं मुलांना गृहभेट शिकवते. घरात कसं शिरायचं, कुठं बसायचं, काय विचारायचं, काय विचारायचं नाही. तेव्हा म्हटलं, चला, आपणच जाऊया. मी जुईनगरला राहते. तिथून निघून द्रोणागिरीला पोचले, रिक्षा केली आणि कंटेनरच्या रांगांमधून तिच्या दारात उभी राहिले. उन्हानं चेहरा लाल, खांद्यावर पिशवी. स्वतःला बजावत होते, शांत राहायचं, कमी बोलायचं, जास्त ऐकायचं.

ऐकायला भरपूर होतं. ओटीवर वडील, चुलते, चुलती, दोन आत्या, आणि भाडेकरूंपैकी कुणीतरी एक जण ज्याचा याच्याशी काहीही संबंध नव्हता, असे सगळे जमले होते. मला मधली खुर्ची दिली. माझी विद्यार्थिनी समोरच्या पायरीवर हाताची घडी घालून, पाय जुळवून बसली. वर्गात बसते तशीच. आणि माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती ती नजर मी ओळखली. निरीक्षण करायला मीच तिला शिकवलं होतं.

"मॅडम," वडिलांनी सुरुवात केली, "आमी पोरीला शिकाया धाडली. पोलिसांच्या गारीन बसाया नाय."

मी म्हटलं, "तसं नाही. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकांच्या पुनर्वसनाची जी प्रक्रिया आहे, त्यात..."

पायरीवरून माझ्या विद्यार्थिनीनं अगदी बारीक मान हलवली. नको, मॅडम.

"म्हणजे," मी म्हटलं, "दोन पोरं हरवली होती. ती त्यांना घेऊन सुखरूप जागी पोचवायला गेली होती. पोलीस तिच्या सोबत होते. ती पोलिसांबरोबर नव्हती."

"ह्यात फरक काय?" चुलत्यांनी विचारलं.

फरक सांगायच्या आत मोठ्या आत्यानं विषय हातात घेतला. तुमचं गाव कंचं? मिस्टर काय करतात? पोरां किती? एकच का? तो कुठं असतो? लग्न झालं का त्याचं? का नाय झालं? तुमी इतक्या लांब येता तर घरी सैपाक कोन करतं? मी उत्तरं देत गेले. गृहभेटीत कुटुंबाची माहिती कशी काढावी यावर मी तासभर बोलू शकते, पण या आत्याबाईंनी चहाला आधण येईपर्यंत माझं पूर्ण कुटुंब कागदाशिवाय उभं केलं.

आणि मग तिची आई आतून ताट घेऊन आली. तळलेले बोंबील. गरम, कुरकुरीत, वरून रव्याचं कवच. मी जन्मापासूनची शाकाहारी. आणि वर्गात माझं वाक्य ठरलेलं. कुणाच्या घरी गेलात आणि मायेनं काही पुढं ठेवलं तर नाकारू नका, त्यात अपमान होतो. दरवर्षी सांगते. पायरीवर बसलेल्या मुलीचे डोळे चमकायला लागले. गेल्या तीन दिवसांत ती पहिल्यांदाच इतकी खुशीत दिसली असेल.

"मी मासे खात नाही," मी म्हटलं.

"आज कुठल्या देवाचा वार?" आई म्हणाली.

"वार नाही. कधीच खात नाही."

पूर्ण ओटी हळहळली. आत्तापर्यंत जे रागावलेले होते त्यांचाही राग उतरला. एवढं शिकून या बाईच्या नशिबात बोंबील नाही. आईनं ताट नेलं आणि तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी आणि कैरीचं लोणचं घेऊन आली. मला वाटतं त्या भाकरीनं माझ्यापेक्षा जास्त काम केलं. मी खायला लागल्यावर सगळ्यांचा आवाज एक पायरी खाली आला.

आई माझ्याजवळ खाली बसली. इतका वेळ ती खाण्यापलीकडचं काही बोलली नव्हती. तिनं मला नाही, मुलीला विचारलं, "ती दोन पोरां जेवली का गं त्या दिवशी?"

"जेवली."

"काय जेवली?"

"वरण-भात."

"नावां काय त्यांची?"

मुलीनं माझ्याकडे बघितलं.

"अगं, नावां काय?"

"सांगता नाय येत, आये."

"मना नाय सांगता येत? आईला?"

"कोनालाच नाय. नियम हाय. त्यांची नावं बाहेर सांगायची नाय."

आई रागानं उठली आणि आत गेली. भांडी आपटल्याचा आवाज आला. मला वाटलं, झालं, होतं तेही गेलं. तेवढ्यात ती दारात परत आली आणि नवऱ्याला म्हणाली, "माझ्यापासनं लपवतंय. म्हंजे काम खरंच हाय."

वडील विचारात पडले. ते ज्यांच्या पोटात काहीच राहत नाही अशा माणसांपैकी. ज्यांनी हळदीच्या माईकवरून मुलीचं भविष्य जाहीर केलं, त्यांना स्वतःच्या घरात एक गोष्ट न सांगणारी मुलगी निघाली, याचं नवल आणि थोडी भीतीही वाटलेली स्पष्ट दिसत होती. त्यांनी तिला दोन-तीनदा वेगवेगळ्या बाजूंनी विचारून बघितलं. निदान पहिलं अक्षर? निदान आडनाव? मुलगी ढिम्म. चुलत्यांनीही एक प्रयत्न केला. शेवटी वडील माझ्याकडे वळून म्हणाले, "सरकारी मानूस होईल ही." त्यांच्या कोशात याहून मोठी शाबासकी नाही.

ती दुसऱ्या दिवशी कॉलेजात आली. आल्या आल्या मला म्हणाली, "मॅडम, आज सुपरव्हिजन आहे ना? मी तुमच्या गृहभेटीचं निरीक्षण लिहिलंय."

आणि तिनं मला धू धू धुतलं. घरात शिरल्याशिरल्या तुमी छताकडं बघितलंत, आत्याला कळलं. बालकांचं पुनर्वसन कोण बोलतं ओटीवर? चुलत्यांकडं वळताना पप्पांकडं पाठ केलीत, तिथंच पप्पा बिघडले असते. पण बोंबलाला खरं बोललात ते चांगलं केलंत, खोटं बोलून कागदात गुंडाळून पिशवीत टाकले असते तर आईनं पकडलंच असतं. हे सगळं ती घरच्या बोलीत बोलत होती, धाडधाड, 'ण' आणि 'न' दोन्ही वाऱ्यावर सोडून. तिच्या ते लक्षातही आलं नाही. मी ते लक्षात आणून दिलं नाही.

इकडे बालगृहात ठेवलेल्या त्या भावंडांचं पुढचं काम सुरू झालं होतं. बाप सापडला, पण तो पोरं सांभाळायला तयार नव्हता आणि सांभाळण्याच्या स्थितीतही नव्हता. मग शोध लागला तो मुलांच्या मावशीचा. जुईनगरला, माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका जुन्या इमारतीत ती राहत होती. चार घरची कामं करायची, नवरा शाळेची व्हॅन चालवायचा, मूलबाळ नाही. मूळ सातारकडची. मुलं तिच्याकडे द्यावीत का, हे बघून समितीला सांगायचं होतं. ती गृहभेट माझ्या विद्यार्थिनीनं करायची, मी सोबत.

आदल्या दिवशी वर्गात रंगीत तालीम. मावशी कोण होणार? माथाडीच्या मुलानं हात वर केला. त्यानं माझीच ओढणी डोक्यावरून घेतली, मांडी घातली आणि सातारी ठसक्यात सुरू केलं, "या बाई, बसा. आमच्यात पोरांस्नी काय बी कमी न्हाई बगा." माझी विद्यार्थिनी हसू दाबत एकेक प्रश्न विचारत होती आणि ही मावशी प्रत्येक प्रश्नाला डोळ्याला पदर लावत होती. शेवटी मावशीनं तिलाच विचारलं, "तुमच्या घरी लाइटबिल किती येतं वो?" आणि वर्ग हसून हसून लोळला.

खरी मावशी तशी अजिबात नव्हती. घर लख्ख. शिलाई मशीनवर झाकण, भिंतीवर एकही डाग नाही, दोन खुर्च्यांवर नव्या चादरी. आणि मावशी शुद्ध, छापील मराठीत बोलत होती. "होय, मला त्यांचा सांभाळ करावयाचा आहे." "होय, शाळा जवळच आहे." "नाही, आमच्या घरात कोणतेही व्यसन नाही." माझी विद्यार्थिनीही तेवढ्याच शुद्ध मराठीत विचारत होती. दोघी जणी आकाशवाणीवर बसल्यासारख्या. मला सगळं ठीक वाटलं. बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "छान झालं."

ती थांबली. "मॅडम, मला नाही वाटत."

"का?"

"तिनं पोरांबद्दल काहीच विचारलं नाही. कशी आहेत, रडतात का, काहीच नाही. माझी आई त्यांना ओळखत नाही, तरी तिनं पहिल्यांदा विचारलं, जेवली का."

मी म्हटलं, हे तू बघितलंस ते बरोबर आहे, पण यावरून तिला मुलं द्यायची नाहीत असं म्हणता येत नाही. का विचारलं नाही, ते शोध. परत जाऊ.

आम्ही न सांगता परत गेलो नाही. सांगितलं होतं, पण सांगितलेल्या वेळेच्या बरंच आधी पोचलो, कारण बस लवकर मिळाली. इमारतीच्या जिन्यात वळणावर एक मोठी कापसाची गादी अडकली होती. वरच्या टोकाला मावशी, घामाघूम, पदर कमरेला खोचलेला. खालचं टोक लोंबकळत होतं आणि धरायला कुणी नव्हतं.

तिनं आम्हाला बघितलं आणि तिचा चेहरा एकदम खुर्चीवरच्या चादरीसारखा ताणला गेला. "नमस्कार. आपण..." एवढ्यात गादी घसरली.

माझी विद्यार्थिनी धावली आणि खालचं टोक तिनं डोक्यावर घेतलं. मी तिच्या मागे, हातात दोघींच्या पिशव्या.

"वरती घ्या ना!" गादीखालून आवाज आला.

"घ्येतीय की! तू ढकल ना, नुसती उभी काय राह्यलीस!"

"ढकलतेय! कोपरा अडकलाय तुमच्याकडं!"

"उजवीकडं फिरीव. उजवीकडं गं बाई! ही तुझी उजवी न्हवं!"

मी एक सूचना केली, ती दोघींनीही ऐकली नाही. गादी आता अशी बसली होती की वरची खाली येईना आणि खालची वर जाईना. दोघीही धापा टाकत थांबल्या. मधे कापसाची भिंत, एकमेकींचं तोंड दिसत नव्हतं. आणि त्या भिंतीपलीकडून मावशीचा आवाज आला, हळू.

"धाकटा अजून झोपंत उठून बसतोय का गं?"

"हो. उठून बसतो. मग बहिनीचा हात शोधतो."

"लहानपणापासनं तसाच हाय. त्यो पडू नये म्हणून ही गादी आनली. खाली टाकनार. पलंगावर न्हाई झोपवायचं त्याला." मग थोडी थांबून, "थोरली जेवती का नीट? ती दुसऱ्याला वाढती आन् सोता उपाशी ऱ्हाती."

"मंग तुमी त्या दिवशी का नाय इचारलं?" माझी विद्यार्थिनी जवळजवळ ओरडलीच. "मी किती वेळ वाट बघत व्हते!"

"शेजारीण म्हणली, जेवढं इचारत्याल तेवढंच सांग, चांगल्या भाषेत सांग. उगा जास्त बोललीस तर पोरं द्यायची न्हाईत. चार दिवस पाठ करून घेतलं माझ्याकडून."

गादीखाली माझी विद्यार्थिनी हसायला लागली. इतकी हसली की गादी हलली आणि कोपरा सुटला. "मावशी, मी पन पाठ केलेलं! पूर्ण वर्गासमोर!"

गादी वर गेली. मावशीनं चहा केला, साखर जास्त झाली, आणि मग दोघी जणी एकमेकींच्या तोंडातले शब्द ओढून घेत बोलत बसल्या. एक सातारी, एक खाडीकाठची. मध्येच व्हॅनवाले काका आले. त्यांना कुणी काही विचारायच्या आत त्यांनी भिंतीवर पेन्सिलनं केलेली खूण दाखवली. धाकटा मागच्या वेळी आला होता तेव्हा एवढा होता म्हणे. म्हणजे भिंतीवर एक डाग होता. मला दिसला नव्हता.

समितीच्या बैठकीला ती माझ्याशेजारी बसली होती तेव्हा तिच्या पायाची एक टाच सारखी जमिनीवर आपटत होती. अध्यक्षबाई वयानं मोठ्या, चष्म्यातून वर बघून बोलणाऱ्या. धाकटा त्यांच्या टेबलाखालून एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर येत होता आणि प्रत्येक वेळी त्यांच्या साडीच्या निऱ्यांवरून जात होता. त्या पाय वर घेत आणि कामकाज चालू ठेवत.

"मावशीकडे द्यावं असं तुमचं मत आहे. कशावरून?"

तिनं पाठ केलेलं पहिलं वाक्य म्हटलं. दुसरं म्हटलं. तिसऱ्याला अडकली. माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे बघितलं, कारण त्या वेळी मी तोंड उघडलं असतं तर ते तिचं काम राहिलं नसतं.

"मॅडम," ती अध्यक्षांना म्हणाली, "आमी परत गेलो तर ती जिन्यात गादीसोबत अडकली होती." आणि तिनं सगळं सांगितलं. कोपरा, उजवीकडं-डावीकडं, धाकट्याचं उठून बसणं, थोरलीचं उपाशी राहणं, शेजारणीची शिकवणी. एक सदस्य हसले. अध्यक्षबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसला आणि थोरलीला जवळ बोलावून विचारलं, "तुला कुठं राहायचंय?"

"मावशीकडं," थोरली म्हणाली, आणि लगेच, "याला पण घेऊन."

"याला ठेवून घ्यायची माझीही इच्छा नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. धाकटा पुन्हा निऱ्यांवरून पलीकडे गेला होता.

मुलं मावशीकडे गेली. दर महिन्याला भेट द्यायची, शाळेत नाव घालायचं, अशा सगळ्या अटी घालून. निघायच्या दिवशी बालगृहाच्या फाटकाशी व्हॅन उभी. माझी विद्यार्थिनी त्या दिवशी नवा ड्रेस घालून आली होती. कारण तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. थोरलीनं तिला मिठी मारली. धाकटा व्हॅनमध्ये चढला, खिडकीशी बसला, आणि खिडकीतून हात बाहेर काढून फाटकावरच्या वॉचमनला टाटा केला. वॉचमनलाच. मग व्हॅन गेली.

स्टेशनपर्यंत ती माझ्यापुढे दोन पावलं भराभर चालत राहिली. शेवटी न राहवून म्हणाली, "ओढनी माझी धरली होती. चुरगाळून टाकली. आनि टाटा कोनाला, त्या वॉचमनला!"

मी म्हटलं, "तुला टाटा केला असता तर तुला सोडून चाललोय हे त्याला कळलं असतं. त्याला वाटत असेल, तू संध्याकाळी येशीलच."

तिनं माझ्याकडे तिरकं बघितलं.

"हे तुमी आत्ता बनवलंत, मॅडम."

"हो."

"चांगलं बनवलंत."

समोर उसाच्या रसाची गाडी उभी होती. तिनं दोन ग्लास सांगितले, बर्फ कमी, आणि पुढच्या आठवड्यात मावशीकडे जायचं तर एकटीच जाऊ का, असं विचारलं. मी म्हटलं, जा.